तिसरं कडवं

मी एका जुन्या हिंदी प्रेमपटाचा तुकडा आहे, मित्रांनो, आणि मी पुरता वैतागलेला आहे. दीड मिनिटाचा माझा जीव. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गुंडाळून ठेवलेला, वरून झाकण घट्ट. रंग उडून मी लालसर पडलो आहे आणि अंगाला आंबूस वास येतो.

एके काळी मी शेवटच्या रिळात होतो. आमच्या सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच रिळात होतं. नायक घर सोडून जिना उतरतो आहे, नायिका त्याच्याकडे पाठ करून उभी आहे आणि गाणं चालू आहे. पहिली दोन कडवी ती वळत नाही. तिसऱ्या कडव्यात काय होतं, ते माझ्यात आहे. माझ्या कडेला एक बारीक नागमोडी रेघ दिसेल. ती नुसती नक्षी नव्हे, तेच गाणं आहे. सिनेमाच्या मशीनमध्ये घातलं की ती रेघ गाते. एरवी मुकी.

आमच्या थिएटरचा ऑपरेटर हाताने फार हुशार आणि तोंडाने फार कंजूष माणूस होता. त्याची बायको खाली तिकिटांच्या खिडकीवर बसायची. भिंतीतून तिला गाणं ऐकू यायचं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, आणि मग पुढच्या खेळाची घंटा व्हायची. खिडकी उघडली की बाहेर एकच गलका, आणि तिसरं कडवं त्यात बुडून जायचं. रात्रीच्या शेवटच्या खेळाला मालक तिला हिशेबाला बसवायचा.

"अहो, ती वळते का शेवटी?" तिने एकदा जेवताना विचारलं.

"सांगून काय मजा? बघ की एकदा."

"कधी बघू? खिडकी कोण उघडणार, तुमचे काका?"

"बघू पुढच्या आठवड्यात."

असे तेरा आठवडे गेले. खिडकीवर दहा मिनिटं दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याला सुचली नाही. सुचलं ते भलतंच. शेवटच्या खेळानंतर रिळं पुढच्या गावी पाठवायची होती. त्याने शेवटचं रीळ टेबलावर घेतलं, कात्री चालवली, तिसरं कडवं अख्खं काढलं आणि दोन्ही टोकं सफाईने चिकटवून टाकली. सोमवारी सकाळी थिएटर रिकामं असतं, तेव्हा बायकोला एकटीला खुर्चीत बसवून मला दाखवायचं, असा त्याचा बेत होता. मला तो बेत आवडला होता, हे मी कबूल करतो.

पण सोमवारच्या आधीच तक्रार आली. पुढच्या गावी गाण्याने मध्येच उडी मारली, लोकांनी शिट्ट्या मारल्या, खुर्च्या आपटल्या. मालक सगळ्यांना विचारत सुटला. ऑपरेटरची पाचावर धारण बसली. नोकरी गेली असती, आणि एकट्याची नव्हे, दोघांची. त्याने मला डब्यात कोंबलं, डबा घरच्या कपाटात मागे सारला आणि बायकोपाशीही अवाक्षर काढलं नाही. पुढे थिएटरचं गोदाम झालं, मशीन भंगारात गेलं. मी मात्र कपाटात. आत गाणं आहे आणि तोंड उघडता येत नाही, याचा संताप किती होतो, ते तुम्हाला सांगून समजायचं नाही.

परवा त्यांची नात आली. म्हणाली, "आजी, तुझं ते गाणं मोबाईलवर सापडलं." कपाटातून मी कान टवकारले. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, आणि गाण्याने उडी मारली. सगळ्या प्रती केव्हाच नष्ट झाल्या होत्या म्हणे. उरली होती ती एकच, कापलेली.

"बघा," म्हातारी म्हणाली, "माझ्या नशिबी तिसरं कडवं नाहीच."

म्हातारा तिथेच बसला होता. उठ ना रे बाबा, मी डब्यातून म्हणत होतो. आता तरी उठ.

खोलीत खुर्ची सरकली. मग कपाटाचं दार करकरलं.

त्याने सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि भांडी आपटली. मग चष्मा घेऊन बाहेर आली. खिडकीपाशी बसून तिने मला उजेडात धरलं आणि एकेक चित्र पुढे सरकवत राहिली.

"वळते," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुम्हाला माहीत आहे हो. मला आज कळलं."

तिचं बोट माझ्या कडेवर थांबलं. "ही रेघ कसली?"

"गाणं आहे ते."

तिने मला कानाशी नेलं. वेड्यासारखं, पण नेलं. मी सगळा जोर लावला, मित्रांनो. काही उपयोग झाला नाही.

"जुन्या फिल्म दुरुस्त करणारे असतात आजी, मी शोधते," नात म्हणाली. शोधू दे. तोवर मी टिकलो तर गाईन. पण तुम्ही माझं एवढं ऐका. जपून ठेवणं म्हणजे झाकण लावून ठेवणं नव्हे. कुणासाठी काही राखून ठेवलं असेल, तर मशीन चालू आहे तोवर त्या माणसाला खुर्चीत बसवा, आणि खिडकीवर दहा मिनिटं तुम्ही बसा.