तीनपासून सुरू होणारी पट्टी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही एका वर्गाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेले आहात. समोर चाळीस मुलं बसली आहेत, हवेत खडूची भुकटी उडते आहे, खिडकीतून सकाळचं ऊन येतं आहे. तुम्हाला हातपाय नाहीत, तोंडही नाही. आहेत त्या फक्त अंगभर रेघा आणि रेघांखाली आकडे. जमलं? मग आता तुम्ही माझ्या जागी आहात.

मी एक जुनी लाकडी मीटरपट्टी आहे. माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. रंधा मारून, घासून, रेघा कोरून झाल्यावर तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने मला एका पोलादी पट्टीशेजारी आडवं केलं, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "ही सच्ची आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती मी कधी विसरले नाही, आणि पुढे एकदा तीच पणाला लागली.

शाळेत आले तेव्हा माझा थाट काय सांगू! फळ्यावरचा प्रत्येक त्रिकोण माझ्या अंगाला टेकून उभा राहिला आहे. पण मुलांच्या राज्यात पट्टी नुसती पट्टी थोडीच असते? मी पत्र्यावर अडकलेले चेंडू काढले, खिडकीतली कबुतरं हाकलली, नाटकात राजाची तलवारही झाले. एका वादळी दुपारी कुणीतरी मला दार अडवायला दारात खोचलं. वारा आला, दार आपटलं आणि माझं एक टोक चेचून गेलं. शिपाईकाकांनी करवत आणून फुटलेला भाग तीनच्या रेघेवर सरळ कापून टाकला. तेव्हापासून माझी सुरुवात तीनपासून होते.

"ही आता कशाला ठेवायची?" असं शिपाईकाकांनी विचारलं, तेव्हा गणिताचे सर म्हणाले, "राहू द्या. पूर्वी ही नुसती मोजायची, आता शिकवेल."

या सरांना मुलं 'कशावरून सर' म्हणत. मुलाने उत्तर दिलं, की ते बरोबर असो वा चूक, सरांचा एकच प्रश्न यायचा, "कशावरून?" चुकीचं उत्तर ते पुसत नसत. त्याला चौकट करून फळ्यावर तसंच ठेवत आणि म्हणत, "हे कुठून आलं ते सापडेपर्यंत पाहुणा म्हणून राहू दे."

नववीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'पैकीच्या पैकी' म्हणत, कारण गणितात तिचा एकही गुण कधी कापला गेला नव्हता. सूत्रं तिला अशी पाठ, की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. तिच्या शेजारी बसायची तिची मैत्रीण, टोपणनाव 'भोपळा'. नाव का पडलं, ते तुम्ही ओळखलंच असेल. पण भोपळा स्वभावाने भलती आनंदी. ती स्वतःच म्हणायची, "आमच्या बाकाची सरासरी काढा, आम्ही दोघी पास!"

त्या वर्षी शाळेच्या वाचनालयात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी फळ्या बसवायच्या ठरल्या. काम मिळालं पैकीच्या पैकीच्या आजोबांना. ते सुतार होते. त्यांचे गुडघे दुखत, म्हणून ते नातीला म्हणाले, "माप तूच आण. एवढे गुण मिळवतेस, एक भिंत मोजता येणार नाही होय?"

तिने मला खिळ्यावरून काढलं आणि भिंतीच्या कडेने जमिनीवर ठेवलं. माझं टोक जिथे संपलं तिथे खडूची खूण केली, मग खुणेपासून पुन्हा मला ठेवलं. शंभर, दोनशे, तीनशे, आणि शेवटच्या तुकड्यावर चौसष्ट. तीनशे चौसष्ट. पोर हुशार होती, माझं तुटलेलं टोक तिच्या लक्षात होतं. तिने तीन वजा केले आणि वहीत टापटिपीत लिहिलं, 'तीनशे एकसष्ट सेंटिमीटर.'

गुरुवारी सकाळी आजोबा पहिली फळी घेऊन वाचनालयात आले. बघायला सरांसह सगळा वर्ग जमला होता, आणि मीही पैकीच्या पैकीच्या हातात होते. फळी उचलून भिंतीशी नेली, तर ती बसेचना. तिरकी केली, उलटी केली, छे! आजोबांनी खिशातली टेप काढून भिंत मोजली. तीनशे बावन्न.

"नऊ सेंटिमीटर जास्त," ते म्हणाले आणि हसले. "असू दे गं. लांब फळी कापता येते, आखूड फळी ओढून वाढवता येत नाही. म्हणून तर पहिली एकच कापली."

"आजोबा, फळीपण नववीत गेली असेल," भोपळा म्हणाली. "एका रात्रीत उंची वाढली!"

सगळा वर्ग खिदळला. पैकीच्या पैकीचे मात्र कान लाल झाले. आजवर तिचं उत्तर असं चारचौघांत कधी चुकलं नव्हतं. ती फणकाऱ्याने म्हणाली, "मी टोकाचे तीन वजा केले होते. माझं गणित बरोबर आहे. ही पट्टीच खोटी आहे!"

मित्रांनो, माझी पाठ ताठ आहे म्हणून, नाहीतर मी तिथेच वाकले असते. खोटी? मी?

नेमक्या त्याच वेळी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तिथे आल्या. "मग ती भंगारात द्या. शनिवारी भंगारवाला येतोच आहे. आपल्याला पोलादी टेप मिळाली आहे आता."

"अवश्य," सर म्हणाले. "पण शनिवारपर्यंत मला वेळ द्या. हिने पट्टीवर आरोप केला आहे. तो सिद्ध करायला नको?" मग ते तिच्याकडे वळले. "पट्टी खोटी आहे. कशावरून?"

वर्गात परतल्यावर त्यांनी फळ्यावर एक मोठा नऊ लिहिला आणि त्याला चौकट केली.

त्या दुपारी मधल्या सुट्टीत ती डबा न उघडताच मला आणि नव्या टेपला घेऊन बसली. आधी तिने आम्हा दोघींना शेजारी ठेवलं. माझा दहा ते वीस आणि टेपचे दहा सेंटिमीटर, माझा चाळीस ते नव्वद आणि टेपचे पन्नास. रेघेला रेघ जुळली. कुठे केसभरही फरक निघेना.

"खोटी नाही वाटतं," ती पुटपुटली.

"मग ते नऊ काय आकाशातून पडले?" भोपळा तिचा डबा उघडत म्हणाली. "अगं, पण परवा सरांचं टेबल याच पट्टीने मोजलं होतं ना? ते कसं बरोबर आलं?"

प्रश्न साधाच होता, पण पैकीच्या पैकीचा हात थांबला. तिने टेबल पुन्हा मोजलं. माझ्यावर त्रेसष्ट दिसले, तीन वजा करून साठ. टेपवरही साठ. चूक शून्य. मग तिने बाक मोजला. मला दोनदा ठेवावं लागलं, एकशे सव्वीस आले. तीन वजा केले, एकशे तेवीस. टेप म्हणाली, एकशे वीस.

"तीनने चुकलं," ती म्हणाली. आता तिच्या आवाजात फणकारा नव्हता, कुतूहल होतं. "फळा मोजू?"

फळा मोजताना मला तीनदा ठेवावं लागलं. या वेळी ती सहाने चुकली.

"शून्य, तीन, सहा," भोपळाने बोटांवर मोजलं, "आणि भिंतीला नऊ. अगं, हा तर तीनचा पाढा! मला येणारा एकमेव पाढा!"

मला घेऊन दोघी धावत शिक्षकांच्या खोलीत गेल्या. सर चहा पीत होते. धाप लागलेल्या आवाजात पैकीच्या पैकी म्हणाली, "सर, सापडलं! दर वेळी चूक तीनने वाढते!"

मला वाटलं, आता सर शाबास म्हणतील. त्यांनी कपाचा कान तेवढा फिरवला. "छान. का वाढते?"

"म्हणजे... तसंच येतंय सर. चार वेळा आलं."

"पाचव्यांदाही येईल? कशावरून?"

तिचा चेहरा पडला. 'का'चं उत्तर पाठ केलेल्या एकाही सूत्रात नव्हतं. परत येताना ती भोपळाला म्हणाली, "मला गणित येतच नाही बहुतेक. मला फक्त पाठांतर येतं."

"मला तेही येत नाही," भोपळा म्हणाली. "चल, मला समजावून सांग. मला समजलं तर कुणालाही समजेल."

शुक्रवारी शाळा सुटल्यावर दोघी वाचनालयात बसल्या. मला जमिनीवर ठेवून पैकीच्या पैकी हळूहळू सांगू लागली. "हे बघ, मी पट्टी ठेवते. दुसऱ्या टोकाला शंभर लिहिलंय, म्हणून मी शंभर म्हणते. पण जमिनीवर..." ती थांबली. माझ्या कापलेल्या टोकावरून तिने बोट फिरवलं. "पण जमिनीवर सत्त्याण्णवच आहेत! तीन तर काकांनी केव्हाच कापून टाकले. म्हणजे पट्टी जेव्हा जेव्हा खाली ठेवली, तेव्हा तेव्हा मी तीन जास्त धरले. भिंतीला चार वेळा ठेवली. चार त्रिक बारा. आणि मी वजा केले फक्त एकदाच तीन!"

"बारातून तीन गेले, नऊ," भोपळा म्हणाली. मग तिने डोळे मोठे केले. "अय्या, मला समजलं!"

पैकीच्या पैकीने खडू घेतला आणि फरशीवरच लिहिलं: जितक्या वेळा पट्टी ठेवली, तितके गुणिले तीन, तेवढे वजा. मग खोडून तिथे अक्षरं मांडली, तीन गुणिले न. हे सूत्र कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं. ते तिने स्वतः घडवलं होतं, त्या कारागिराने मला घडवलं तसं. ती त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की शिपाईकाकांना किल्ल्या वाजवाव्या लागल्या.

शनिवारी तिने सगळ्या वर्गासमोर आणि मोठ्या बाईंसमोर हे सांगितलं. सरांनी तीनदा 'कशावरून' विचारलं आणि तीनदा तिने मला जमिनीवर ठेवून दाखवलं. शेवटी तिने स्वतःच्या हाताने चौकटीतला नऊ पुसला. मग मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, "बाई, पट्टी सच्ची आहे. मी तिला न विचारता मोजलं होतं."

सच्ची! कितीतरी वर्षांनी तो शब्द माझ्या कानावर पडला. भंगारवाला मोडक्या खुर्च्या घेऊन निघून गेला, आणि मी खिळ्यावरच राहिले.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी एखादी तुटकी वस्तू असेल, आणि तुमच्या वहीत एखादं चुकलेलं उत्तर. दोन्ही फेकायची घाई करू नका. जरा जवळ घेऊन विचारा, बाई गं, तू अशी कशी झालीस? आम्ही खोटं बोलत नाही. आमचं ऐकावं मात्र लागतं.

पुढच्या आठवड्यात आजोबा उरलेल्या फळ्या बसवायला आले. सगळ्या चपखल बसल्या. निघताना मला हातात घेऊन ते नातीला म्हणाले, "हिला तीन सेंटिमीटरचा तुकडा जोडून देऊ का? सांधा दिसणारसुद्धा नाही."

"नको हं आजोबा!" ती जवळजवळ ओरडलीच. "मग पुढची मुलं चुकणार कशी?"

तेवढ्यात आठवीची एक मुलगी दारात आली. त्यांच्या वर्गाला व्हरांडा मोजायचा होता. पैकीच्या पैकीने मला तिच्या हातात दिलं. माझ्या टोकाबद्दल एक अवाक्षरही काढलं नाही. मग भोपळाला कोपराने ढोसून ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि हसू दाबत, ओठ घट्ट मिटून, वाट बघू लागली.