कांदेबाईंची शेवटची निवड

"एवढी पदकं! आणखी काय पुरावा हवा?" प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलीला विषयाचं वेड आहे."

"मुलीला की आईला?" धाकटे प्राध्यापक म्हणाले. "बाहेर बघा, त्या माउली पदकांची पिशवी मांडीवरून खाली ठेवायला तयार नाहीत."

वनस्पतिशास्त्राच्या बाई कांदा सोलत होत्या.

मुलाखतीच्या खोलीत कांदा सोलणारी बाई दुसरीकडे कुठे सापडायची नाही, पण या कॉलेजात त्याचं कुणाला नवल नव्हतं. प्रवेशासाठी आलेल्या प्रत्येकासाठी बाई कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड स्वतःच्या हाताने करायच्या, मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दिसेल ते काढ." मुलांनी त्यांचं नाव कांदेबाई ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं, आवडतही होतं. फक्त तसं दाखवायची सोय नव्हती. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या. त्यामुळे ही त्यांची शेवटची निवड. जागा एकच उरली होती आणि दावेदार दोन.

सकाळी येऊन गेलेला मुलगा बोलण्यात पटाईत होता. झाडं म्हणजे माझा श्वास, वगैरे. ऐकता ऐकता धाकटे प्राध्यापक विरघळलेच. मायक्रोस्कोपला डोळा लावला न लावला, आणि पठ्ठ्याने झरझर चित्र काढून दिलं. विटांसारख्या रचलेल्या पेशी, प्रत्येकीत ठसठशीत केंद्रक. अगदी पुस्तकातलं.

आता मुलीला आत बोलावलं.

"हा विषय का आवडतो तुला?" धाकट्या प्राध्यापकांनी विचारलं.

"मला... स्पर्धांमध्ये नंबर येतो, सर."

प्राचार्यांनी उगाच कागद सरळ केले. मुलगी मायक्रोस्कोपपाशी बसली. बराच वेळ एका डोळ्याने बघत राहिली आणि मग तिने एक मोठं वर्तुळ काढलं. जाड काळी कड, आत काहीच नाही. कडेची सावली मात्र जिवापाड जपून भरली होती.

धाकटे प्राध्यापक वाकून बघतात तो काय! त्यांना हसू आवरेना. "अगं, ही पेशी नाही, हवेचा बुडबुडा आहे! वरची काच ठेवताना हवा अडकते, तो. इतकी पदकं मिळवलीस, कधी मायक्रोस्कोप हाताळला नाहीस?"

"नाही, सर. स्पर्धा कागदावर असतात. आमच्या शाळेतला कपाटात असतो, कुलपात." तिचे डोळे भरून आले. ते लपवायलाच की काय, तिने पुन्हा मान खाली घातली. "मॅडम, अजून एकदा बघू?"

"बघ की. वरच्या काचेवर पेन्सिल हळूच दाब."

"पळाला!" मुलगी हसली. मुलाखत चालली आहे हे ती साफ विसरली. "मॅडम, स्लाइड डावीकडे सरकवली तर हा उजवीकडे जातो!"

"इथे सगळं उलटंच दिसतं बाई."

"आणि याच्यामागे रेघा आहेत. लांबट लांबट. थांबा हं... एकीला दुसरी चिकटलीये!"

"त्याच पेशी."

मुलगी बघत राहिली. दार किलकिलं करून तिची आई आत डोकावली, पिशवी छातीशी धरून. "मॅडम, काही चुकलं का हो हिचं? फार वेळ झाला. एरवी घड्याळ लावून अभ्यासाला बसते आणि गजर झाला की आपणहून उठते."

"आज गजर लावायला विसरली वाटतं," बाई म्हणाल्या.

मायलेकी बाहेर गेल्यावर प्राचार्यांनी विचारलं, "मग, बाई? आहे का वेड?"

"मला नाही सांगता येत, सर. मी इथे आले तेव्हा माझ्यात तरी कुठे होतं? शाळेत पहिली आले म्हणून वडिलांनी आणून बसवलं. वर्षभर रडत होते मी. मग कधीतरी जीव जडला. पदकांवरून ते कळत नाही, भाषणावरून तर नाहीच." त्यांनी सकाळच्या मुलाचं चित्र पुढे सरकवलं. "स्लाइडवर मी रंग घातलाच नव्हता. रंगाशिवाय इतकी ठळक केंद्रकं याला कुठून दिसली? याने पाठ असलेलं काढलं. तिने दिसलं ते काढलं. चुकली, पण बघत तर बसली."

"मॅडम, हे आधी नाही का सांगायचं!" धाकटे प्राध्यापक ओशाळून हसले. "घ्या, मुलीला घ्या."

व्हरांड्यात ही बातमी ऐकून आई पिशवीत तोंड खुपसून रडली. मुलगी बाईंच्या मागे मागे दारापर्यंत आली. "मॅडम, रंग घातल्यावर कसं दिसतं? तुम्हीच दाखवाल ना?"

बाईंना एकदम भरून आलं. निवृत्तीचं एवढं वाईट त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं.

"मी नसेन गं तेव्हा. तू खिडकीजवळचा मायक्रोस्कोप घे. त्याचा स्क्रू घट्ट आहे, जोर लावू नकोस. जरा चुचकारून घ्यावं लागतं त्याला."

सगळे गेल्यावर बाई आवराआवर करायला लागल्या. मायक्रोस्कोपच्या वरच्या भिंगावर मुलीच्या डोळ्यांतलं पाणी लागलं होतं. त्यांनी ते मऊ फडक्याने पुसलं. स्लाइड धुवायला काढणार, तेवढ्यात त्यांनी सहज डोळा लावला. बुडबुडा अजून तिथेच होता. जन्मभर त्यांनी मुलांना तो टाळायला शिकवलं होतं.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि काचेवर हळूच दाबली. शिपाई खोली बंद करायला आला, तेव्हा बाई स्टुलावर बसून बघत होत्या.