पाणबुड्या अजून पाण्यातच

माणसाला वेड असावं, पण त्या वेडाला एखादी सुट्टी तरी असावी की नाही? आमच्या ह्यांच्या वेडाला ती कधी मिळालीच नाही. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पलंगाखाली चपला ठेवायला जागा नव्हती, कारण तिथे कॉमिक्स होती. आता चपलांना जागा आहे, पलंगच नाही. त्या खोलीत लोखंडी रॅक आहेत आणि आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत गाद्या घालून झोपतो.

ह्यांची नोकरी वीज कंपनीत, घरोघर जाऊन मीटर वाचायची. त्यामुळे गल्लीबोळातला प्रत्येक रद्दीवाला ओळखीचा. संध्याकाळी पिशवीत सांगितलेलं सामान असेल याची खात्री नाही, कॉमिक्स मात्र नक्की. रविवारी फुटपाथवर सतरंजी टाकून विकायला बसायचे. विकायला म्हणायचं आपलं. गिऱ्हाइकाने थुंकी लावून पान उलटलं की अंक त्याच्या हातातून काढून घ्यायचे. दोन विकले तर चार घेऊन घरी यायचे. मी म्हणायचे, "अहो, हा धंदा आहे की पूर?" पण पालथ्या घड्यावर पाणी.

वर त्यांचा एक नियम. प्रत्येक अंकाच्या तीन प्रती हव्यात: एक वाचायला, एक विकायला आणि एक ठेवायला. ठेवायची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात जायची, पाठीमागे पुठ्ठा, वर चिकटपट्टी. एकदा आत गेली की तिला ना हवा लागायची, ना माणसाचा हात. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मलाच ऐकवायचे.

आता या नियमाने काय घोळ घातला ते ऐका. ह्यांची सगळ्यात लाडकी मालिका एका पाणबुड्याची. डोक्याला लोखंडी टोप घालून समुद्रात उतरायचा आणि बुडालेली जहाजं धुंडाळायचा. मी एकदा कंटाळून ते अंक चाळले होते. प्रत्येक अंकात बोटीवर एक बाई दोर धरून उभी. त्याची बायको. तो खाली माशांशी मारामाऱ्या करतोय आणि ही आपली वर उभी. तिच्या तोंडी एक शब्द नाही, साधं 'जपून जा' सुद्धा नाही. मी ह्यांना विचारलं, हिला कुणी बोलू का देत नाही? तर म्हणाले, "तिचं काय काम आहे गोष्टीत?" त्या दिवशी जेवणात मीठ मी मुद्दाम जास्त घातलं.

तर शेवटून दुसऱ्या अंकात या पाणबुड्याची हवेची नळी तुटते. शेवटच्या चौकोनात नुसते बुडबुडे आणि खाली 'पुढील अंकी'. तो पुढचा अंक कसाबसा निघाला आणि छापखानाच बंद पडला. ह्यांना त्याची प्रत मिळाली ती बऱ्याच वर्षांनी, एका रद्दीवाल्याकडे, पानसुद्धा न उलटलेली. पण एकच. मग ही प्रत कुठली धरायची, वाचायची की विकायची की ठेवायची? शहाण्या माणसाने तिथेच पायरीवर बसून वाचली असती. ह्यांनी घरी आणून पाकिटात घातली. म्हणे, दुसरी सापडली की वाचेन.

दुसरी सापडली नाही. लेकीचं लग्न झालं, नात शाळेत जायला लागली, मी केस रंगवायचे सोडले, तरी पाणबुड्या मेला की जगला हे ह्यांना ठाऊक नाही. कधी जेवता जेवता मधेच म्हणायचे, "नळी तुटली तरी टोपात थोडी हवा राहते गं." मी म्हणायचे, "फोडा ते पाकीट आणि मिटवा एकदाचं." तर माझ्याकडे असे बघायचे, जणू मी घर पेटवायला सांगितलंय.

मग डोळ्यांनी दगा दिला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेला तो गेला, कडेचं दिसत राहील. म्हणजे जिकडे बघावं तिथेच काळा डाग. माझ्याशी बोलायचं तर दाराकडे बघतात, तेव्हा कुठे मी दिसते. वाचन संपलं. कुरकुर मात्र एकदाही केली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "पाणबुड्याचा संच देऊन टाकतो. गिऱ्हाईक येतंय उद्या." जुनी छत्री द्यावी तसा आवाज. जन्मभर मी विका विका म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझं डोकंच फिरलं.

"शेवटचा अंकसुद्धा?" मी विचारलं.

"त्याच्याशिवाय संचाला कोण विचारतंय?"

"न वाचता देणार?"

"आता वाचू कशाने?"

"मला डोळे आहेत ना. मी वाचून दाखवते."

"फोडला की गेला तो. आणि कॉमिक्स वाचून दाखवायची नसतात. चित्रं असतात त्यात. तुला कुठला चौकोन आधी ते तरी कळतं का?"

म्हटलं, मरू दे. तुमचा पाणबुड्या, तुमचं पाणी.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. टेबल पुसून घेतलं, खिशातून पांढरे हातमोजे काढून घातले, आणि मला म्हणतात कसे, "ताई, तो कप जरा लांब ठेवा." माझ्याच घरात माझाच कप. मग भिंग काढून एकेक अंक तपासत बसले. मी विचारलं, "वाचता का हो तुम्ही हे?"

"छे, वाचायचे कसले. वेगळी खोली केलीय, कोरडी, बिनखिडकीची. त्यात ठेवतो."

म्हणजे आता तो पाणबुड्या कायमचाच बुडाला.

शेवटचा अंक पुढे आला. हातमोजेवाल्यांनी विचारलं, "हे पाकीट उघडलेलं नाही ना?"

"घातला तसा आहे," हे म्हणाले. पण हात त्या पाकिटावरून निघेना. मान वळवून भिंतीकडे बघत होते, अंक दिसावा म्हणून. थोडं वर, थोडं खाली, परत भिंतीकडे.

मला नाही बघवलं. सरळ स्वयंपाकघरात गेले, दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि ह्यांच्या हाताखालून पाकीट ओढून कडेने कापलं.

हातमोजेवाले उभेच राहिले. "ताई, हे काय केलंत तुम्ही?"

"वाचायला काढलं," मी म्हणाले.

आता या संचाला काही अर्थ नाही, असं काहीबाही बोलत त्यांनी मोजे उतरवले, भिंग खिशात घातलं आणि गेले. दार लावून मी कंबर कसून उभी राहिले. हे ओरडणार, मग मी काय काय सुनवायचं ते सगळं तयार होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं.

हे खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "पहिल्या पानावर काय आहे?"

झालं. मी बसले वाचायला.

"बुडबुडे आहेत," मी म्हणाले.

"मोठे की बारीक?"

"बुडबुडे ते बुडबुडे. बारीक आहेत."

"म्हणजे हवा संपत आली. पुढे?"

पुढे म्हणजे कुठे, उजवीकडे की खाली? दोनदा मी चुकले, दोनदा ह्यांनी मला मागे नेलं. ऑक्टोपस मी वेल समजून सांगितला, त्यावरून वाद झाला. पण हे पुढे वाकून बसले होते, आणि किती महिन्यांनी त्यांचा पाय पूर्वी वाचताना हलायचा तसा हलत होता. पाणबुड्याच्या पायावर जहाजाची डोलकाठी पडली, टोपाला तडा गेला, हात दोराकडे गेला. मी पान उलटलं. शेवटचा चौकोन सगळा काळा. खाली दोन शब्द. पलीकडे दंतमंजनाची जाहिरात.

क्षणभर वाटलं, खोटं सांगावं. ते मला जमत नाही.

"अहो, मेल्यांनी परत 'पुढील अंकी' लिहिलंय."

हे हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला. पाणी पिऊन झालं तेव्हा हसू गेलेलं होतं.

"म्हणजे तो खालीच राहिला गं," ते म्हणाले. एखादा सख्खा भाऊ गेल्यासारखा चेहरा झाला होता.

मला इतका राग आला, त्या छापखान्याचा, त्या प्लास्टिकचा, त्या डोळ्यांचा. मी म्हणाले, "काही खाली राहत नाही. वर ती दोर धरून उभी आहे ना?"

"या अंकात आहे ती?"

"आहे. कोपऱ्यात, नखाएवढी. दोर सोडलेला नाही तिने."

"मग?"

"मग काय? इतकी वर्षं दोर धरलाय, खाली काय चाललंय ते तिला कळत नाही होय? तिने ओढला."

"एकटीने? तो टोपच केवढा जड असतो."

"एकटीनेच. दुसरं होतं कोण बोटीवर? हात सोलले, पण आणलं वर."

ह्यांनी मान दाराकडे वळवली आणि तशीच ठेवली.

"मग काही बोलली का ती?"

"बोलली की," मी म्हणाले. "म्हणाली, किती वेळ लावलात. जेवण गार झालं."