तोंडावर कोण सांगणार

वैजनाथकाकांच्या पोथीला पूर्वी चाळीस बाया बसायच्या. गेल्या चातुर्मासात सात उरल्या, आणि त्याही इतक्या लांब बसायच्या की काकांना ओरडून वाचावं लागायचं.

मुकुंदवाडीतल्या मारुतीच्या देवळात चातुर्मासभर रोज संध्याकाळी पाच ते सहा पोथी सांगायची, हा काकांचा रिटायर झाल्यापासूनचा नेम. तहसिलीत अव्वल कारकून होते, पण आवाज खणखणीत. कालिंदीकाकू होत्या तोवर त्या आसनाला लागूनच बसायच्या. काका चुकले की कोपरानं ढोसायच्या, सदऱ्याचं बटन राहिलं असलं तर चारचौघांत खुणवायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मूलबाळ नव्हतंच. मग काकांच्या वाट्याला माणसांत बसायचा तो एवढा एकच तास राहिला. बाकीचे तेवीस कसे जातात हे त्यांना कोणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगायचा त्यांचा स्वभाव नाही.

तर फाल्गुनात देवळाचा कारभार बघणारा पुंजाराम घरी आला. उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, चहा नको म्हणाला. बरेच आढेवेढे घेऊन बोलला की काका, तुम्हाला लई त्रास होतो, औंदा पोथी मोबाइलवरून स्पीकरवर लावू म्हणतो.  काकांनी मनाशी हिशेब मांडला तो डोळ्याचा. मोतीबिंदूनं अक्षरं पुसट झाली होती, ओळी गळायच्या, म्हणून बाया कंटाळल्या असणार.

"आषाढीपर्यंत थांब," काका म्हणाले. "डोळा करून घेतो. नाही जमलं तर खुशाल लाव तुझा भोंगा."

पुंजाराम व्हय म्हणाला आणि सुटका झाल्यासारखा निघून गेला.

डोळ्याच्या डॉक्टरांनी मात्र हात वर केले. साखर दोनशे ऐंशी, एवढ्या साखरेत ते डोळ्याला हात लावायला तयार नव्हते. झालं! काकांनी कारल्याचा रस प्यायला, मेथ्या चावता येईनात म्हणून भिजवून गिळल्या, पहाटे स्टेशनापर्यंत चालून आले. गोळ्या वाढल्या. साखर काही जागची हलेना. दात दुखतात म्हणून भाकरी केव्हाच सुटली होती, पोटात जायचा तो मऊ भात, केळं आणि दुधात कुस्करलेली पोळी. हिरडीतून रक्त आलं की हा शहाणा माणूस त्या बाजूला ब्रश लावणंच सोडायचा. आता वय झालं, दात हलणारच, असं स्वतःला समजवायचा. अहो, हलणाऱ्या खांबाला कोणी वय झालं म्हणून सोडून देतं का?

चैत्रात साखरेच्या डॉक्टरांनी त्यांना जीभ दाखवायला सांगितलं. काकांनी आ केला आणि डॉक्टरांनी मान वळवली. मग चिठ्ठी लिहिली, औरंगपुऱ्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नावानं.

काकांना ते पटलं नाही. दुखणं साखरेचं, अडलंय डोळ्याचं, आणि पाठवतात दाताकडं! तरी रिक्षा करून गेले. बाईंनी हिरडी नुसती दाबली तर पू आला. त्यांनी सावकाश समजावलं. हिरडीत असं पिकत राहिलं की त्या सुजेपायी रक्तातली साखर चढते, औषधाला दाद देत नाही. साखर चढली की हिरडी आणखी सडते. दोघी एकमेकींना धरून आहेत, एकीला सोडून दुसरी बरी व्हायची नाही. दोन दात काढावे लागतील, बाकीच्यांची मुळापर्यंत सफाई, आणि गोळ्या, पथ्य आहेच. काका मान डोलवत होते. मग बाईंनी हातमोजे काढता काढता सहज विचारलं.

"तोंडाला इतका वास येतोय काका, घरी कोणी बोललं नाही?"

काकांनी तोंड मिटलं. "घरी मीच असतो," ते म्हणाले.

परत येताना त्यांनी रिक्षात रुमाल तोंडाला लावून ठेवला. एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. पुंजाराम उंबऱ्याबाहेरच का थांबला. बाया तीर्थ घेताना पदर नाकाशी का धरायच्या. त्यांना तो मर्यादेचा पदर वाटायचा! एवढ्या चाळीस बाया, एकीलाही बोलावंसं वाटलं नाही, याचा त्यांना संताप आला. घरी येऊन कुलूप काढलं आणि संताप ओसरला. तीन वर्षांत कोणी त्यांच्या तोंडाजवळ आलंच नव्हतं. त्या दुपारी काका काकूंच्या फोटोसमोर बसून लहान पोरासारखे रडले.

दात काढले, सफाई झाली. ब्रश धरायचा कसा, हे सत्तरीत नव्यानं शिकले. हिरड्या आवळल्या, भाकरी-भाजी चावता यायला लागली, मऊ भात सुटला. ज्येष्ठात साखर दीडशेवर आली आणि डोळा झाला. दवाखान्यात सोबत कोण म्हणून विचारलं, तेव्हा काकांनी रिक्षावाल्याला आत बोलावून घेतलं.

आषाढीला पोथी लागली. काकूंच्या जागेवर पुंजारामनं स्पीकर आणून ठेवला होता, तो काकांनी उचलून कोपऱ्यात नेला आणि आसनावर बसले. नवा चष्मा लावला. अक्षरं लख्ख दिसत होती. मान वर केली तर बायाही लख्ख दिसल्या. सातजणी, पार भिंतीला टेकून, मध्ये दहा हात फरशी मोकळी. इतकी वर्षं धूसर होतं तेच बरं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

त्यांनी पोथी मिटली.

"बायांनो, माझ्या तोंडाला वास यायचा. मला माहीत नव्हतं. दवा केला आहे, आता येत नाही. पुढं या."

देवळात कोणी हलेना. सगळ्यांच्या माना खाली. शेवटी कन्नड तालुक्यातली द्वारकाबाई, वयानं सगळ्यांत थोरली, गुडघ्यावर हात देऊन उठली. दहा हात चालून आली आणि थेट आसनाला लागून बसली.

"पोथी सांगणाऱ्या माणसाला तोंडावर कसं म्हणावं, काका? पाप लागंल म्हणून गप राहिलो. वाटलं, घरचं कोणी सांगंल."

 काकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. द्वारकाबाईनं पोथी त्यांच्यापुढं सरकवली.

"वाचा तुम्ही. पुन्हा वास आला तर मी सांगंल. पाप लागलं तर लागू द्या."