माझ्या पानावरचा लाभ

मी एक जुनं, जाडजूड पुस्तक आहे, मित्रांनो. पाठीला चिकटपट्टी आणि अंगाला ज्वारीचा वास. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची 'सी' नावाची भाषा मी शिकवतो. एके काळी माझा मोठा मान होता. बारामतीच्या कॉलेजातले सर म्हणायचे, हे एवढं पचवलंत तर पुढचं सगळं सोपं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून निमगाव केतकीच्या कौसल्येनं मला घरी आणलं, आणि मला माझं माणूस मिळालं.

पण एका पानावर तिचं घोडं अडलं. मी यादी शून्यापासून मोजतो. ती एकापासून मोजायची. त्यामुळे तिच्या प्रोग्रॅममधून दर वेळी यादीतलं पहिलं नाव गळायचं. चार दिवसांत ती रडकुंडीला आली. पाचव्या दिवशी मला मांडीवर घेऊन ओसरीत बसली होती. समोर तिचे वडील दादासो पायलीनं ज्वारी मापत होते. "लाभ... दोन... तीन..." धान्य मापताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. कौसल्येचा हात थबकला.

"म्हंजी पयल्याला एक म्हणायचंच न्हाय," ती म्हणाली, आणि माझ्या इंग्रजी छपाईतल्या शून्याशेजारी तिनं पेन्सिलीनं लिहिलं, 'लाभ'. त्या दिवशी पहिलं नाव जागेवर आलं. एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढं ती पास झाली, पुण्यात नोकरीला लागली. मी फळीवर राहिलो, डोक्यावर पापडाचा डबा घेऊन. सुट्टीला ती यायची आणि मोबाईलमध्ये डोकं घालून माझ्याखालीच बसायची. तिचं बोट एकदा तरी माझ्या पानावरून फिरावं म्हणून मी झुरायचो. खोटं कशाला सांगू, रागही यायचा.

गेल्या महिन्यात तिनं फोनवर आईला सांगितलं, ते जाडं पुस्तक रद्दीत घाल, आता सगळं मोबाईलवर मिळतं. रद्दीवाला आला. त्यानं मला काट्यावर टाकलं. आत एखादा फोटो राहिला असेल म्हणून तिच्या आईनं, मुक्ताबाईंनी, मला परत उचलून चाळलं. चौथी शिकलेल्या त्या माउलीला माझ्यातला एकच शब्द वाचता आला, तोही लेकीच्या अक्षरातला.

"ह्ये न्हाय द्यायचं," त्या म्हणाल्या. "लाभ कुणी रद्दीत घालतं व्हय?"

संध्याकाळी फोनवर त्यांनी हे लेकीला सांगितलं. मग कौसल्येनं हळूच विचारलं, "आई, कुठल्या पानावर हाय गं?"

"म्या न्हाय सांगत. तूच यिऊन बघ."

मित्रांनो, जुनं पुस्तक काट्यावर टाकण्याआधी एकदा चाळून बघा. तुमचंच काहीतरी त्यात राहिलेलं असतं. मी आता पायलीशेजारी असतो. त्या पानात मुक्ताबाईंनी खुणेला लोकरीचा धागा घातलाय. शनिवारी पुण्याहून इंदापूरमार्गे येणारी एसटी फाट्यावर थांबली, की मुक्ताबाई आणि मी, दोघंही दाराकडं बघतो.