गादीवाल्याची पाठ

ज्यांच्या हातच्या गाद्यांवर अख्खी गल्ली पाठ टेकायची, त्या गादीकाकांचीच पाठ धरली. कापसाचं गाठोडं उचलताना कमरेत जी कळ गेली, ती मुक्कामालाच राहिली. वाकता येईना, आणि वाकलंच तर उठता येईना. गोळ्या झाल्या, मलम झालं, शेक झाला. शेवटी कमरेला पट्टा आवळून काका दारात ताठ उभे राहू लागले, तर गिऱ्हाइकं विचारायची, "काका, एवढा कसला तोरा?"

काकांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला कापूस, मधे दोन बाक, बाकांवर आडवी टाकलेली गादी. काका वरून वीतभर दाभण खुपसायचे, खाली बसलेल्या काकू त्याचं टोक पकडून "धरलं!" म्हणायच्या, आणि मग काका हात सोडायचे. लग्न झाल्यापासून दोघांचं निम्मं बोलणं त्या एका शब्दात झालं होतं. आता बाक रिकामे पडले होते आणि घरात बोलणंही कमी झालं होतं.

या खोलीवर काकूंच्या धाकट्या भावाचा डोळा होता. तो तयार स्पंजच्या गाद्या विकायचा. बोलायचा मायेनंच, खोटं कशाला बोला, पण त्याच्या मायेला गोदामाचा वास यायचा.

"दाजी, सोडा आता हा व्याप. खोली मला द्या, मी माल ठेवतो. तुम्ही आपले खुर्चीत निवांत बसा."

"मी काय शोभेची बाहुली आहे खुर्चीत बसायला?"

"मग महिनाअखेरीला दुहेरी गादी एकट्यानं उलटून दाखवा. नाही जमलं तर किल्ली माझ्याकडे."

"दाखवतो!" काका बोलून बसले. काकूंनी कपाळाला हात लावला.

अॅक्युपंक्चरचं काकूंनीच शोधून काढलं. "अहो, बारीक सुया टोचतात म्हणे. एकदा जाऊन तर बघू."

"जन्मभर मी सुया खुपसल्या, आता मलाच गादी करा!" काका कुरकुरले, पण गेले.

डॉक्टरीणबाई वयानं लहान आणि बोलायला सरळ होत्या. त्यांनी कमरेचा एक्स-रे पाहिला, पाठ चाचपली. "कण्याला धोका नाही. स्नायू आखडून बसलेत. गुण येईलच अशी हमी मी देत नाही. पण सुई गेली की आत काय वाटतं ते सांगत जा. जड वाटलं, ओढल्यासारखं वाटलं, की लगेच बोला."

बोलतील ते काका कसले! दाभणवाल्यानं केसाएवढ्या सुईपुढे तोंड उघडायचं म्हणजे नाकच कापलं जायचं. ते पालथे पडून दात आवळून राहायचे. बाईंनी विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही, चालू द्या." बाई चाचपडत सुया लावायच्या, काका होते तसेच घरी यायचे. निम्मा महिना असाच सरला. मेहुणा तर एकदा येऊन खोलीची लांबी-रुंदीसुद्धा मोजून गेला. त्या दिवशी काका जेवले नाहीत. हातातलं काम जाणार याची त्यांना खरीखुरी भीती वाटत होती, आणि ती सांगायचीही लाज वाटत होती.

पुढच्या खेपेला बाईंनी कमरेच्या डाव्या अंगाला सुई सारली, किंचित फिरवली, आणि आत कुणीतरी ती गच्च पकडली. काकांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "धरलं!"

पडद्याबाहेर बसलेल्या काकू ताडकन उठल्या. हा शब्द त्यांचा, यांच्या तोंडी कसा? त्या पडदा सारून धावत आत आल्या. "अगंबाई! पाठ पुन्हा धरली की काय?"

"पाठ नाही गं! आतून सुई धरली. कापूस दाबून बसला की दाभण धरतो ना, अगदी तसं!"

डॉक्टरीणबाईंनी हात तिथेच थांबवला. "अहो काका, हेच तर मी रोज विचारत होते! आजवर असं कुठेच वाटलं नाही?"

काका उशीत तोंड खुपसून पुटपुटले, "वाटायचं. दोन-चार ठिकाणी."

"मग बोलला का नाहीत?" काकू कडाडल्या. "तोंडाला टाके घातले होते का?"

बाई हसल्या, काकाही हसले, आणि हसताना कमर दुखली म्हणून ओरडलेही. त्या दिवसापासून मात्र प्रत्येक सुईला हिशेबानं खबर मिळू लागली: "नाही... नाही... जरा खाली... धरलं!" हळूहळू पाठ मोकळी होऊ लागली. आधी बुटाची नाडी बांधता आली, मग पट्टा सुटला. बाईंनी उचलायची रीतही बदलायला लावली, वाकायचं कमरेतून नाही, गुडघ्यांतून. काका घरभर उठाबशा काढत हिंडायचे आणि काकू म्हणायच्या, "शाळेत काढल्या असत्यात तर आज साहेब असता."

ठरल्या दिवशी मेहुणा कुलूप घेऊनच आला. बाकांवर दुहेरी गादी पसरली होती, कापसानं ठासून भरलेली. काकूंनी नकळत हात पुढे केला.

"अगं, तू हात लावू नकोस," काका म्हणाले.

ते गुडघ्यांत बसले. दोन्ही हात गादीखाली घातले, श्वास घेतला आणि पायांच्या जोरावर उठले. गादी हलली, एका अंगावर उभी राहिली, डुलली. मेहुणा सहज म्हणून एक पाऊल पुढे आला. तेवढ्यात काकांनी खांदा लावला आणि धप्प! गादी उलटी होऊन बाकांवर आदळली. कापसाची धूळ खोलीभर उडाली. काका मधोमध सरळ उभे होते.

काकूंना रडूही येत होतं आणि शिंकाही.

धूळ झटकत मेहुणा म्हणाला, "मानलं दाजी! मला वाटलं होतं, तुम्ही माघार घेणार."

"मेहुणेबुवा," काका छाती काढून म्हणाले, "आम्ही पाठ दाखवली ती फक्त डॉक्टरीणबाईंना!"