मातीच्या वर मान

“पाकिटावरच्या चित्राला भुलू नका, काका.” नर्सरीवाल्या बाईने ट्यूलिपचं पाकीट गवंड्याच्या हातातून काढून घेतलं. “हे थंडीचं लाडकं लेकरू. आपल्या दमट उकाड्यात जमिनीत गेलं की त्याचा लगदा होतो.”

“मग टिकेल असा द्या. आणि लवकर फुलणारा. घरी बायको अंथरुणाला खिळलीये.”

निशिगंधाकडे गेलेला हात बाईने मागे घेतला. त्याला फुलायला तीन-चार महिने लागतात. मग टोपलीतून थोरल्या कांद्याएवढा लाल लिलीचा कंद काढला. शेंड्याशी हिरवं टोक डोकावत होतं.

“हा उकाड्याला भीक घालत नाही. कळी आत तयारच असते. महिना-सव्वा महिना धरा.”

“हेच मागे दोनदा नेले होते. दोन्ही वेळा सडले.”

“किती खोल लावले होते?”

“चांगले हातभर,” गवंडी ऐटीत म्हणाला. “पाया खोल हवा.”

बाईने कपाळाला हात लावला. “अहो, घर बांधताय का? याची मान मातीच्या वर ठेवायची. तिथं ओल साचली की गुदमरून मरतो बिचारा.”

गवंड्याचं तोंड एवढंसं झालं. उभ्या जन्मात त्याने एकच शास्त्र मानलं होतं: जे जपायचं ते खोल घालायचं आणि वरून नीट झाकायचं. भिंती तशाच बांधल्या. मुलीलाही तसंच वाढवलं, लग्न होऊन लांब गेल्यावर ती हसत म्हणाली होती, “बाबा, आता जरा श्वास घेते.” आणि रोज रात्री, उकाड्याने अंगाची लाही होत असली तरी, तो बायकोची चादर हनुवटीपर्यंत ओढायचा. ती हळूच खाली सारायची. हा पठ्ठ्या पुन्हा ओढायचा.

घरी येऊन त्याने कामावरच्या जुन्या घमेल्याला तळाशी भोकं पाडली, रेती मिसळलेली माती भरली आणि कंद बसवला. खिडकीजवळच्या खाटेवरून बायको बघत होती.

“अहो, अर्धा उघडाच राहिला की!”

“तसाच लावायचा असतो म्हणे. मानेपर्यंत माती आली की गुदमरतो. आधीचे मीच मारले गं.”

तिने कंदाच्या उघड्या मानेकडे पाहिलं. मग म्हणाली, “मलाही गुदमरतं.”

“काय झालं? डॉक्टरांना बोलावू?”

“तसं नव्हे. चादरीनं. लग्न झाल्यापासून सांगीन म्हणते.”

“मग बोलायचं नाही का, बाई!”

“झाकल्याशिवाय तुम्हाला झोप कुठं लागत होती?” ती हसली आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली. गवंड्याला मात्र रडू आवरेना. मातीचे हात तसेच डोळ्यांना लावले त्याने.

त्या रात्री त्याचा हात सवयीने चादरीकडे गेला आणि मध्येच थांबला. चादर तिच्या छातीशीच राहिली. तिला शांत झोप लागली. तो मात्र टक्क जागा होता.

कंदातून दांडा आला, दांड्यावर कळी आली. मुलगीही येऊन राहिली. रोज सकाळी बायको विचारायची, “उमलली?” आणि गवंडी सांगायचा, “आज-उद्याकडे उमलेल बघ.” कळीला लाली चढत गेली, तसं तिचं बोलणं कमी होत गेलं. शेवटी ती नुसत्या डोळ्यांनी विचारायची.

ती गेली त्या सकाळी कळी मिटलेलीच होती. तिला एक फूल दाखवणंसुद्धा आपल्याला जमलं नाही, एवढंच गवंड्याच्या मनात घोळत राहिलं. शेजारच्या बायकांनी तिचं अंग पुसलं. मुलीने रडत रडत पांढरी चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि कडा खोचल्या.

गवंड्याने घमेलं आणून खाटेच्या उशाशी ठेवलं. मग वाकून चादरीच्या कडा मोकळ्या केल्या.

“राहू द्या ना, बाबा. नीट झाकलंय मी.”

“नको गं,” तो म्हणाला. “तिला गुदमरतं.”

कंदाच्या मानेवरची माती सारावी तशी त्याने दोन बोटांनी चादर हलकेच खाली केली आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.